विहीर आटते, कपडे वाळतात: इंग्रजी फ्रेजल व्हर्ब फ्रेंचमध्ये नेताना

परभणीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: ‘मी छत्रपती संभाजीनगरला राहून फ्रेंच शिकते, बी-वन ही मधली पातळी झाली आहे. सरावासाठी मराठवाड्यातल्या दुष्काळावरचा एक इंग्रजी लेख फ्रेंचमध्ये करायला घेतला. ड्राय अप, रन आउट ऑफ, गिव्ह अप, होल्ड ऑफ असं काही आलं की अडते. अशा सहाशे फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला अप, आउटसारखा छोटा शब्द जोडून होणाऱ्या प्रयोगांची, यादी केली, पाठही करते, तरी माझं वाक्य फ्रेंच वाटत नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी कच्चं राहिलं, म्हणून असं होतं का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो विचारताना तुम्हाला वाईट वाटलं असणार. नाही, त्यामुळे होत नाही. उलट या एका कामात मराठी माध्यमाचा तुम्हाला फायदा आहे आणि तो तुम्ही अजून वापरलेलाच नाही. मीही उदगीरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. गेली बावीस वर्षं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करते, बरंचसं यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं आणि थोडं पर्यटनाचं. तुमची समजूत काढावी म्हणून हे सांगत नाही. या तीन भाषांची घडणच तशी आहे.

एक साधं वाक्य घ्या. ‘ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर.’ यात क्रियापद सांगतं की माणूस कसा गेला, आणि कुठे गेला हे ‘अक्रॉस’ या छोट्या शब्दावर सोडलेलं आहे. फ्रेंच माणूस हेच म्हणतो: ‘इल आ त्राव्हेर्से ला रिव्हिएर आ ला नाझ.’ त्राव्हेर्से म्हणजे ओलांडणे, आ ला नाझ म्हणजे पोहत. (फ्रेंच उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिते आहे.) आता इंग्रजी बाजूला ठेवून हीच गोष्ट घरी आईला सांगा. ‘त्यानं पोहत नदी ओलांडली.’ ओलांडणं क्रियापदात, पोहणं बाजूला. फ्रेंचची मांडणी आणि तुमची मांडणी एकच आहे. फिरलेली आहे ती इंग्रजी.

ज्या 1958 साली आपलं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी झां-पॉल व्हिने आणि झां दार्बेलने यांनी फ्रेंच आणि इंग्रजी शैलींची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या अदलाबदलीला त्यांनी ‘शासे-क्रोआझे’ म्हटलं आहे. हे नाव नाचातलं आहे, जोडीदार एकमेकांची जागा घेतात ती चाल. पुढे 1985 साली लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं जगातल्या भाषा याच कसोटीवर लावून पाहिल्या: हालचालीची दिशा क्रियापदात येते, की क्रियापदाला चिकटलेल्या शब्दात? इंग्रजी आणि जर्मन दुसऱ्या गटातल्या, फ्रेंच आणि स्पॅनिश पहिल्या. मराठीही पहिल्याच गटात बसते. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे, परतणे, वळसा घालणे ही आपली रोजची क्रियापदं बघा आणि त्यांच्यासमोर फ्रेंच ठेवा: मोंते, देसांद्र, आंत्रे, सोर्तिर, त्राव्हेर्से, रव्हनीर, कोंतूर्ने. जोड्या आपोआप लागतात. इंग्रजीला मात्र यातल्या बहुतेक ठिकाणी गो किंवा कमपुढे अप, डाउन, इन, आउट, बॅक, अराउंड लावावं लागतं.

म्हणून माझी पहिली सूचना ही, आणि खरं तर एवढीच एक सूचना आहे: इंग्रजी वाक्य वाचा, पान पालथं घाला, काय घडलं ते मराठीत बोला. पुस्तकी मराठीत नको, घरच्या मराठीत. त्यानंतर फ्रेंच शोधा.

हे साम्य किती बारीक आहे ते एका उदाहरणावरून दिसेल. ‘शी रॅन इनटू द हाउस’ याचं फ्रेंच ‘एल आ कुरू दां ला मेझों’ असं केलं, तर फ्रेंच वाचकाला आधी दिसते ती घरातल्या घरात पळणारी मुलगी. दार ओलांडलं हे त्यात येत नाही. मराठीत ‘ती घरात धावली’ म्हणून पाहा, तसंच अडखळायला होतं. आपण ‘धावत घरात शिरली’ म्हणतो. फ्रेंचही तेच म्हणतं: ‘एल ए आंत्रे दां ला मेझों आं कुरां.’ पण ‘ती स्टेशनपर्यंत धावली’ हे आपल्याला चालतं आणि ‘एल आ कुरू झ्युस्का ला गार’ हे त्यांनाही चालतं, कारण तिथे उंबरठा ओलांडायचा नाही. हा नियम तुम्हाला कुणी शिकवलेला नाही, तरी तो तुमच्या जिभेवर आहे.

फ्रेंचची आणखी एक सवय लक्षात ठेवा. कसं गेलं हे उघड असेल तर ते सांगतच नाहीत. ‘ही वॉक्ड इन’ याचं नुसतं ‘इल ए आंत्रे’ होतं. चालतच आला असणार, त्यात सांगायचं काय? आपणही ‘तो आत आला’ म्हणून मोकळे होतो. भाषांतर करणाऱ्याला मात्र वाटतं की इंग्रजीतला एक शब्द गळाला, आणि मग ‘आं मार्शां’ घुसडलं जातं. तुमचं वाक्य फ्रेंच वाटत नाही, त्यामागे हे कारण असण्याची शक्यता बरीच आहे.

आता तुमच्या लेखाकडे. ‘द वेल्स ड्राइड अप.’ तुमच्या यादीत ड्राय अपसमोर बहुतेक ‘सेशे’ लिहिलेलं असेल. पण इंग्रजीत ड्राय हे एकच क्रियापद आहे, आणि अप, आउट, ऑफ लावून ते विहिरीला, शेताला, अंगाला वापरतात. आपल्याकडे असं चालतच नाही. विहीर आटते. कपडे वाळतात. अंग कोरडं करतात. पीक करपतं. ज्या मुलखात पाण्याची इतकी ओढ, तिथे पाणी जाण्याचे शब्दही वेगवेगळे असणारच. फ्रेंचमध्येही ते वेगळे आहेत. झऱ्याला, विहिरीला ‘स तारीर’. कपड्यांना ‘सेशे’. अंगाला ‘सेस्युये’, म्हणजे पुसून घेणे. रोपाला, जमिनीला ‘स देसेशे’. तेव्हा विहिरी आटल्या: ‘ले प्युई स सों तारी’. बोलीच्या जवळचं हवं असेल तर ‘ले प्युई सों आ सेक’, विहिरी कोरड्या पडल्या आहेत. बघा, ‘आटणे’ आणि ‘कोरडी पडणे’ हा फरकसुद्धा जसाच्या तसा पोचला. ड्राय अपच्या नोंदीत शोधत बसला असता तर तो सापडला नसता.

‘वी रॅन आउट ऑफ वॉटर.’ मराठीत आपण पळत नाही, बाहेरही जात नाही. ‘पाणी संपलं.’ फ्रेंच त्याच्याही पुढे जाऊन घडलेली गोष्ट सोडते आणि उरलेली अवस्था सांगते: ‘नू नाव्हों प्ल्यु दो’, आमच्याकडे आता पाणी नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणावं लागलं, तेव्हा गल्लीत हंडे घेऊन उभी असलेली कुठलीही बाई ‘पाणीच नाही’ एवढंच म्हणत होती. तेच फ्रेंच वाक्य आहे. मजकूर औपचारिक असेल तर ‘मांके दो’, पाण्याची टंचाई असणे, हेही आहे.

‘द क्रॉप हेल्ड आउट.’ पिकानं तग धरला. धरणे म्हणजे तनीर, आणि फ्रेंच चक्क म्हणतं ‘आ तनू बों’. कधीकधी असं घबाड मिळतं. दर वेळी मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

‘मेनी गेव्ह अप फार्मिंग.’ अनेकांनी शेती सोडली. इथे सावध राहा, कारण आपलं ‘सोडणे’ गिव्ह अपइतकंच ऐसपैस आहे आणि फ्रेंचमध्ये त्याचे तुकडे पडतात. सिगारेट सोडली तर ‘आरेते द फ्युमे’. गाव सोडलं तर ‘किते ल व्हिलाझ’. हातातला दोर सोडला तर ‘लाशे ला कोर्द’. मनातला बेत सोडून दिला तर ‘रनोंसे’, आणि त्यापुढे ‘आ’ हवंच. अर्धवट टाकून निघून गेले असा सल असेल तर ‘आबांदोने’. शेतीसाठी मी लेखाचा सूर बघेन. कर्जापायी नाइलाजानं सोडली असेल तर रनोंसे, शिवार ओस पडलं हे सांगायचं असेल तर आबांदोने. हा निर्णय कुठलाही कोश तुमच्यासाठी घेणार नाही. त्यासाठी लेख पुन्हा वाचावा लागेल.

आता ‘अप’बद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ यानंच होतो. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप यांत वर काहीच जात नाही. हा अप म्हणजे आपलं ‘टाकणे’. माझी आजी ताटात उरलेल्या भाकरीकडे बघून म्हणायची, ‘तेवढी खाऊन टाक, लेकरा.’ त्या ‘टाक’मध्येही फेकणं नाही, पुरतं संपवणं आहे. मराठीत ही कला फार वाढलेली आहे: खाऊन टाक, लिहून घे, सांगून दे, विसरून जा, ठरवून ठेव. मूळ क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडून आपण काम पूर्ण झालं का, कुणासाठी झालं, मनाविरुद्ध झालं का हे सांगतो. इंग्रजी यातलं बरंचसं काम अप, डाउन, आउट, ऑफ यांच्याकडून करून घेते. म्हणून ‘राइट इट डाउन’चं मराठी ‘खाली लिहा’ असं न होता ‘लिहून घ्या’ होतं.

फ्रेंचकडे या दोन्ही सोयी नाहीत, आणि म्हणून ती दर वेळी वेगळी वाट काढते. कधी संपवणं हेच मुख्य क्रियापद होतं: ड्रिंक अप, ‘फिनी तों व्हेर’, पेला संपव. कधी अर्थ आतच मुरलेलं क्रियापद मिळतं: यूज अप, ‘एप्युइझे’. राइट डाउनला नुसतं ‘नोते’ पुरतं. कधी ‘तू’, म्हणजे सगळं, हा शब्द जोडून भागतं. मी स्वतःला इथे एकच प्रश्न विचारते: मराठीत मी ‘टाकणे’ वापरलं की ‘घेणे’ की ‘जाणे’? उत्तर ‘टाकणे’ आलं की फ्रेंचमध्ये शेवट दाखवणारा शब्द शोधते. उत्तर ‘घेणे’ आलं की साधं क्रियापद बहुधा पुरतं. सिट डाउन, गेट अप, वेक अप ही मंडळी त्या मानानं सोपी आहेत. फ्रेंचमध्ये ‘स’ लागणारी क्रियापदं येतात, सास्वार, स लव्हे, स रेव्हेये. ती मात्र पाठच करा.

हे सगळं मला कुणी वर्गात सांगितलं नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत वाळूजच्या एका कारखान्यासाठी मी यंत्राची माहितीपुस्तिका करत होते. त्यात होतं, ‘बॅक ऑफ द स्क्रू हाफ अ टर्न.’ मी लिहिलं ‘रक्युले ला व्हिस’. रक्युले म्हणजे मागे सरकणे किंवा सरकवणे, कोशात बॅकसमोर होतंच. तिकडच्या तपासनिसाचं टिपण आलं: स्क्रू मागे सरकवून कुठे न्यायचा? दोन दिवस मी त्या ओळीपाशी अडले. शेवटी शॉप फ्लोअरवर गेले आणि फिटरला विचारलं, इथे तुम्ही नेमकं काय करता? त्यानं पाना हातात घेऊन सांगितलं, ‘काही नाही मॅडम, अर्धा फेरा ढिला करायचा.’ ढिला करणे म्हणजे ‘देसेरे’, अर्धा फेरा म्हणजे ‘दमी-तूर’. ‘देसेरे ला व्हिस दँ दमी-तूर.’ पुस्तिकेत आजही तेच वाक्य आहे. इंग्रजी शब्दांकडे बघून जे दोन दिवसांत सुचलं नाही, ते हातानं काम करणाऱ्या माणसाच्या एका मराठी वाक्यात होतं.

तेव्हापासून यंत्राच्या मजकुराला मी हीच रीत वापरते. ‘टॉप अप द ऑइल’ आणि ‘फिल अप द टँक’ या दोन्हींत अप आहे, पण गॅरेजमधला माणूस पहिल्याला ‘कमी झालंय तेवढं ऑइल टाका’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘टाकी फुल करा’. फ्रेंचमध्येही दोन वेगळे प्रयोग आहेत, ‘फेर लाप्वँ’ आणि ‘फेर ल प्लँ’. ब्रेक डाउन यंत्राचं असेल तर ‘तोंबे आं पान’, माणसाला रडू कोसळलं असेल तर ‘फोंद्र आं लार्म’. मराठीतही एक बंद पडतं आणि दुसऱ्याचा बांध फुटतो.

यंत्राच्या सूचनांसाठी एक छोटी गोष्ट. फ्रेंच पुस्तिकेत आज्ञार्थापेक्षा क्रियापदाचं मूळ रूप वापरण्याची पद्धत फार आहे: ‘कूपे लालिमांतासियों’, वीजपुरवठा बंद करणे. आपल्या सरकारी पत्रात ‘अर्ज सादर करणे’, ‘वेळेवर उपस्थित राहणे’ असतं ना, अगदी तसं. इंग्रजीच्या ‘टर्न ऑफ’मधून हे सुचत नाही. तहसीलची नोटीस आठवली की सुचतं.

‘परत’ या शब्दाकडेही बघा. परत दे, परत ये, परत फोन कर, परत वाच. आपला एकच ‘परत’ माघारी हाही अर्थ देतो आणि पुन्हा हाही. इंग्रजीला त्यासाठी बॅक आणि अगेन असे दोन शब्द लागतात. फ्रेंचचं ‘र’ हे उपसर्गाचं अक्षर बहुतेक वेळा आपल्या ‘परत’सारखं वागतं: रापले म्हणजे परत फोन करणे, मग तो उलटा असो की दुसऱ्यांदा. रव्हनीर, परत येणे. रलीर, परत वाचणे. रमेत्र, परत ठेवणे. गिव्ह बॅकला ‘रांद्र’ येतं, त्यात हा सांधा दिसत नाही. पण कॉल बॅक, कम बॅक, पुट बॅक, टेक बॅक ही ओळ मराठीतून गेलात तर एका बैठकीत हाती येते.

मराठी कुठे उपयोगी पडत नाही हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही फसाल. लुक फॉर, वेट फॉर, लुक ॲट, लिसन टू, आस्क फॉर. हे खरे फ्रेजल व्हर्बही नव्हेत, क्रियापद आणि त्याला ठरलेलं शब्दयोगी एवढंच. फ्रेंचमध्ये शेर्शे, आतांद्र, रगार्दे, एकूते, दमांदे, आणि पाचही ठिकाणी कर्म थेट लागतं, मध्ये काही नाही. आपण मात्र बसची वाट पाहतो आणि एखाद्याकडे बघतो. मराठीचा ‘ची’ आणि ‘कडे’ मनात, इंग्रजीचा फॉर आणि ॲट डोळ्यांसमोर, अशी दोन्हीकडून ओढ लागून ‘आतांद्र पूर ल ब्युस’ लिहिलं जातं. माझे विद्यार्थी ही चूक दर वर्षी करतात. इथे पाठांतराला पर्याय नाही.

आउट ऑफचंही असंच. वेरूळच्या 16 क्रमांकाच्या लेण्याबद्दल, म्हणजे कैलासबद्दल, इंग्रजी पुस्तिकेत ‘कार्व्ह्ड आउट ऑफ द रॉक’ असतं. खडकातून बाहेर काढलेलं असं ते वाटतं. फ्रेंच म्हणतं ‘ताये दां ल रॉक’, खडकात कोरलेलं, आणि आपणही डोंगरात कोरलेली लेणी म्हणतो. इथे जमलं. पण ‘ड्रिंक आउट ऑफ अ ग्लास’ला फ्रेंच पुन्हा ‘दां’ वापरतं, पेल्यात पितं, आणि आपण तर पेल्यातून पितो. तेव्हा मराठीनं वाक्याचा सांगाडा मिळतो. शब्दयोगी अव्ययं फ्रेंच वाचूनच पक्की होतील.

भारदस्तपणाबद्दलची तुमची भीतीही घालवते. इंग्रजी शिकवताना सांगतात की कॅरी ऑन हे बोलण्यातलं आणि कंटिन्यू हे लिखाणातलं. इंग्लंडवर 1066 मध्ये नॉर्मन आले आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच आणि लॅटिन शब्द दरबारातून, न्यायालयातून इंग्रजीत उतरले, त्यामुळे तिथे त्यांना वजन आलं. फ्रेंचमध्ये ‘कोंतिन्युए’ हा भाजीवालाही वापरतो. त्यात काही जड नाही. बोलीचा रंग हवाच असेल तर फ्रेंचकडे तिचे स्वतःचे प्रयोग आहेत. मित्र मित्राला ‘गिव्ह इट अप’ म्हणतो, तिथे ‘लेस तोंबे’ टाका. शब्दशः ‘पडू दे’, आपलं ‘जाऊ दे’.

सहाशेची यादी बंद करून ठेवा. नवी वही घ्या आणि पानांच्या डोक्यावर क्रियापदं न घालता वस्तू घाला: विहीर, पाऊस, पीक, कर्ज, पाणी, मोटर, पायरी. विहिरीच्या पानावर विहीर खोदणे, आटणे, भरणे, उपसणे यांची फ्रेंच क्रियापदं येतील. तीही भाषांतरित लेखातून घेऊ नका, मुळात फ्रेंचमध्ये लिहिलेल्या मजकुरातून घ्या. फ्रेंच-फ्रेंच कोशासाठी नान्सीच्या सी-एन-आर-टी-एल या केंद्राचं संकेतस्थळ फुकट आहे, आणि तांत्रिक शब्दांना कॅनडा सरकारचं तेर्मियम. वस्तू धरून शोधलं की क्रियापद मागोमाग येतं, कारण फ्रेंचमध्ये क्रियापद कर्त्याकर्माशी बांधलेलं असतं, अप-डाउनशी नाही.

उरलं तुमचं शेवटचं वाक्य, ‘द रेन्स हेल्ड ऑफ टिल ऑगस्ट’. होल्ड ऑफसमोर तुमच्या यादीत काहीही असो, ते झाका. गावाकडे काय म्हणतात? ‘पावसानं ऑगस्टपर्यंत वाट पाहायला लावली.’ वाट पाहणे म्हणजे आतांद्र, लावणे म्हणजे फेर, आणि स्वतःचीच, म्हणून ‘स’. ‘ले प्ल्युई स सों फे आतांद्र झ्युस्कां-नूत.’ लिहिताना ‘फे’ला अनेकवचनाचा एस लावू नका, तो इथे बदलत नाही.